कच्चं माप, पक्कं माप

हनुमंत मापात चुकला असं कुणी सांगितलं असतं, तर न्हावऱ्याच्या आसपास कुणाचा विश्वास बसला नसता. रांजणगावच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. केसाएवढा फरक दिसला की अख्खी पेटी माघारी पाठवायची, हेच त्याचं काम. घरीसुद्धा भाकरी वाकडी झाली की 'रिजेक्ट' म्हणायचा आणि तीच आधी ताटात ओढायचा. असा माणूस चार महिन्यांपूर्वी शिफ्टवरून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

त्याच्या मागं नीलम, त्याची बायको, सगळं जिथल्या तिथं करत होती. गाईच्या धारा, सासऱ्यांच्या गोळ्या, भेटायला येणाऱ्यांचा चहा. रडली मात्र नव्हती. आल्यागेल्या बायकांनी तिला रडवायचे परोपरीनं प्रयत्न केले आणि शेवटी स्वतःच रडून घरी गेल्या. आपल्याला दुःख झालंय असंही तिला वाटत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं तिला सगळं अंगच आपलं वाटत नव्हतं.

जुन्या घराचं दार ठेंगणं होतं आणि हनुमंत चांगला सव्वासहा फूट. तो दारात आला की नीलम आतून ओरडायची, "वाका." लग्न झाल्यापासूनचा हा नेम. तरी आठ-पंधरा दिवसांत एकदा कपाळ आपटायचंच. म्हणून शेजारी नवं घर काढलं, तेव्हा चौकटीचं लाकूड त्यानं स्वतः निवडलं. बांधावरची बाभूळ उभं राहून पाडून घेतली आणि ओलीच टेम्पोत घालून वरवंडच्या वखारीत नेली. उंची सांगितली साडेसात फूट. "जन्मभर वाकलोय," तो मिस्त्रीला म्हणाला होता, "आता डोक्यावर हातभर मोकळं पायजे."

भिंती उभ्या राहिल्या होत्या, आता चौकट बसवायची होती. नीलम आणि तिचे सासरे पोपटराव मोटरसायकलवरून भीमेचा पूल ओलांडून वखारीत आले. ज्ञानू मिस्त्रीनं थप्पीतून लाकडं काढून दिली. पोपटरावांनी खिशातला टेप लावला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"जाडीला तीन इंच सांगितलं हुतं. हे पावणेतीन भरतंय."

"आप्पा, ओलं लाकूड हाय. पाणी गेलं की आकसतं. वर रंधा मारला की आणखी जातं. हे शेवटाला अडीचावर ईल."

"मग मला अडीच का दितूस?"

"कापायच्या आधी आम्ही इचारतो, माप कच्चं का पक्कं. पक्कं म्हंजी वाळून, रंधून झाल्यावर हातात उरलं पायजे ते. तसं सांगितलं की जाणारं आधीच धरून जादा कापतो. कच्चं म्हंजी सांगितलं तेवढंच कापायचं. भाऊंनी कच्चं सांगितलं."

"हनुमंता असं सांगंल?" पोपटरावांचा आवाज चढला. "त्याच्या मापावर अख्खी कंपनी चालायची. पोरगं गेलं, इचारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, म्हणून लाकूड खाल्लंस व्हय रं?"

करवत थांबली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ज्ञानूनं हातातलं लाकूड थप्पीला टेकवलं. मेलेल्या माणसाची चूक त्याच्या बापासमोर किती ताणायची, हे त्याला कळत होतं.

नीलमला तो दिवस आठवला. ती टेम्पोपाशी उभी होती. करवतीच्या आवाजात ज्ञानूनं ओरडून विचारलं होतं, "कच्चं का पक्कं?" आणि हनुमंत हसून म्हणाला होता, "कच्चंच की! परवा पाडलंय, पानंसुदीक वाळली न्हाईत." त्याला वाटलं लाकडाचंच विचारतायत. तिलाही तसंच वाटलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. गेल्या चार महिन्यांत हनुमंताबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता; हार घातलेल्या फोटोला कसल्या चुका? पण ती गप्प बसली असती, तर ज्ञानू साऱ्या पंचक्रोशीत चोर ठरला असता. आणि बोलली, तर म्हाताऱ्याकडं उरलेला बिनचुकीचा मुलगाही जाणार होता.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यांनीच कच्चं सांगितलं. मी हुते की तितं. झाड कच्चं हाय का, असं इचारलं वाटलं त्यास्नी."

पोपटराव एका ओंडक्यावर बसले. बराच वेळ टेप आत-बाहेर करत राहिले.

"म्हंजी चुकला."

"व्हय. चुकले."

"ल्हानपणापास्नं तसाच," ते हळूच म्हणाले. "इचारणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर तयार." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या ओठाला हसू आलं. ते टिकलं नाही. पोपटराव उठून ज्ञानूच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माफी मागायची त्यांची तीच पद्धत होती.

ज्ञानूला हायसं वाटलं. भल्या मनानं तो मार्ग शोधायला लागला. "लाकूड वाया जायचं न्हाई, वहिनी. लांबीत ते आकसत न्हाई, उंची हाय तेवढीच हाय. पण अडीच इंचाचं लाकूड साडेसात फूट उभं केलं तर पिळा घील. फूटभर कमी करू, ताठ ऱ्हाईल. तसंबी आता एवढं उंच घरात हाय कोण?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. पोपटराव दुसरीकडं बघायला लागले. नीलमला मात्र राग आला नाही. 'ते आपल्यातच हायेत' असं सांगणारे पुष्कळ येऊन गेले होते. नाहीत, हे सरळ सांगणारा हाच पहिला.

"कापा," ती म्हणाली.

ज्ञानूनं कानामागची पेन्सिल काढून साडेसहा फुटांवर खूण केली. सवयीनं तोंडातून गेलंच, "काय जादा धरू का?"

"नका धरू. पक्कंच हाय. जायचं ते गेलं."

करवत फिरली आणि फूट-फूटभराचे दोन तुकडे भुशात पडले.

घरी पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. पोपटरावांनी गाडी लावली आणि ते पुढं झाले. ठेंगणा माणूस, जुन्या घराच्या त्या दारातून जाताना त्यांच्या डोक्यावर वीतभर जागा उरायची. नीलम मागं होती. दारात पाठमोरा माणूस दिसला आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं,

"वाका."

पोपटराव थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. टोपी काढून हातात घेतली, खाली वाकले आणि आत गेले.