झटकेबाबा आणि सातचा पाढा

शिवणकामाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, पण डबे कोणीच उघडले नाहीत. सगळ्या बाया झटकेबाबांभोवती जमल्या होत्या आणि बाबा माझ्या मावशीच्या हातातलं भूत बोलतं करत होते.

"हातांच्या पाठी जुळव. बोटं खाली. आता मंत्र!"

मिनिटभर पुटपुट चालली. मावशी ओरडली, "आल्या! मुंग्या आल्या!"

"अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत ना? करंगळीला भूत शिवत नाही, ती देवाची! आता झटक!"

तिने हात झटकले. मुंग्या गेल्या. जयजयकार झाला.

मी नर्सिंग शिकणारी; मला मात्र धडकी भरली. काजं करताना हल्ली तिच्या बोटांतून सुई निसटायची. अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा बसत चालला होता. उद्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. आणि बाबांची अट काय, तर एकवीस दिवस डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही.

"बाबा, मंत्राऐवजी पाढा चालेल?"

"भूत काय शाळेत गेलंय?"

"बघू या की. मावशी, पुन्हा तसेच हात धर."

मी सातचा पाढा संथपणे म्हटला. दुसऱ्या खेपेला सात साती एकोणपन्नासपर्यंत पोचते तोच मावशी म्हणाली, "अगं बाई, आल्या!" झटकल्यावर गेल्यासुद्धा.

"भूत गणितात हुशार दिसतंय," कटिंगवाल्या काकू म्हणाल्या. हशा पिकला.

मी मावशीचं मनगट दाखवलं. "इथे एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि स्पर्श कळवणारी, अंगठ्याला जोर देणारी एक नस जाते. दिवसभर मनगट वाकडं ठेवून काम केलं की दोऱ्या सुजतात, नस चेपते. मनगट दुमडलं की आणखी चेपते, सरळ केलं किंवा हात झटकला की सुटते. करंगळीची नस बोगद्याबाहेरून जाते. म्हणून ती सुखी."

"मग करायचं काय?"

"मनगट सरळ राहील असं टेबल करून घ्या. झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधा. आणि मधूनमधून हात थांबवा."

"रीळ अर्ध्यावर सोडलं तर अपशकुन होतो म्हणतात," काकू कुजबुजल्या.

"आणि हात गेला तर शुभशकुन?"

मावशी बाबांकडे वळली. "एकवीस दिवसांत अंगठ्यातला जोर गेला, तर तुम्ही परत आणाल?"

"श्रद्धा हवी, बाई."

"श्रद्धा आहे हो. पण काज श्रद्धेने होत नाही, त्याला अंगठा लागतो. उद्या मी डॉक्टरांकडे जातेय."

बाबांना अचानक दुसऱ्या गावचं भूत आठवलं.

तुमच्या हाताला मुंग्या येत असतील, तर कोणी मंत्र म्हणण्याआधी स्वतः मनगट दुमडून पाहा, सरळ करून पाहा, आणि वेळेत डॉक्टरांना दाखवा. चेपलेली नस वाट पाहत बसत नाही.