भानामती: शेळी, ८७ टक्के

सकाळपासून शाळेच्या व्हरांड्यात माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लागत होतं. कीबोर्डच्या फटीत अक्षता गेल्या होत्या. हे वॉरंटीत बसतं का, कुणाला विचारावं कळेना.

मी सोमेश. नांदेडच्या कॉलेजातर्फे माहूरच्या डोंगरात झाडांना कॅमेरे बांधतो. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. अस्वल की बिबट्या, ते संगणक ओळखतो. काल रात्रीच्या एका फोटोत पांढऱ्या वस्त्रातली, पाय नसलेली आकृती होती. खांद्यापाशी दोन जळते डोळे. संगणकानं खाली लिहिलं होतं: ‘शेळी, ८७ टक्के.’

गाव भडकलं. भुताला शेळी म्हणतो म्हणजे काय!

“यंत्रालाबी भुरळ पाडली तिनं,” काळी कफनी सावरत भुजंगमहाराज म्हणाले. शाळेला लागूनच त्यांचा मठ. “भानामती हाय ही! सगुणाबाईची हरवलेली शेळी हिनंच खाल्ली. अन् निघाली कुणाच्या अंगातून? तिच्या लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या! पोरीला सव्वा महिना मठात बसवा. शीव वलांडली की मेली समजा.”

ज्ञानेश्वरीची ट्रंक भरलेली होती. नांदेडला नर्सिंगचा प्रवेश, आज शेवटची तारीख, दुपारची एसटी. सगुणाबाई ट्रंकेवर बसूनच राहिली.

“आई, ऊठ, गाडी जाईल!”

“गाडी उद्याबी येती गं. जीव येतो का?”

ज्ञानेश्वरी तरातरा माझ्याकडं आली, लॅपटॉपला जोडलेल्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. “दादा, अंधारात ह्या कॅमेऱ्याला रंग दिसतेत का?”

“नाही. तो आपल्याला न दिसणारा प्रकाश टाकतो. त्यात काही काळी कापडंसुद्धा पांढरी येतात.”

“अन् डोळे?”

“शेळीचे चमकतात. माणसाचे तसे नाहीत.”

तिनं कफनीकडं पाहिलं. “महाराज, भानामती तुमाला भेती ना? मंग आमची दुसरी शेळी खांद्यावर घेऊन शाळेच्या त्या अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यापुढं उभं ऱ्हावा. पळून जाईल ती.”

“आज अमावास्या न्हाई,” महाराज म्हणाले.

पण भक्तांना धीर नव्हता. त्यांनी जयजयकार करत महाराजांना उचललं, आत ठेवलं, शेळी लादली, समोर माझा कॅमेरा मांडला आणि दार लावलं.

लॅपटॉपवर फोटो उमटला. कफनी पांढरीशुभ्र. खांद्यापाशी दोन जळते डोळे. ‘शेळी, ९१ टक्के.’ महाराजांनी प्रगती केली होती.

“पण ह्याला पाय हायेत की!” गर्दीतून बसवंतमामा म्हणाले.

“डोंगरात गुडघाभर गवत हाय, मामा,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

तेवढ्यात खोलीतली शेळी ओरडली. मठामागून तिला उत्तर आलं.

सगुणाबाई ताडकन उठली. “माझी चांदी!”

मठामागच्या गोठ्यात चांदी बांधलेली होती. खाल्लेली नव्हती, उलट महाराजांचं एक धोतर तिनंच अर्धं खाल्लं होतं.

एसटीचा हॉर्न वाजला. सगुणाबाईनं एका हातानं ट्रंक उचलली, दुसऱ्यानं चांदीचा दोर धरला, आणि दोघी लेकीला पोचवायला पळाल्या.

गाडी हलली तरी गाव भानामतीबद्दलच कुजबुजत होतं. खिडकीतून ज्ञानेश्वरी ओरडली, “मामा, शेळी हरवली तर भूत हुडकू नका! आधी शेळी हुडका!”