पक्षी उडताना कोणी बोलत नाही

मित्रांनो, मी जरीपटका वस्तीतल्या एका टॉकीजचा जुना लाऊडस्पीकर आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. जन्मभर पडद्यामागे उभा राहिलो. लोक पडदा बघतात, मला कोण बघणार?

नवा होतो तेव्हा केवढी शान होती माझी! जादूचे, राक्षसांचे सिनेमे लागले की वाजवणाऱ्यांचा अख्खा ताफा माझ्या पोटातून गर्जायचा. गालिचा उडायचा तो माझ्या जोरावर. पुढे सांडलेल्या फुटाण्यांसाठी उंदीर आले आणि त्यांनी माझ्या तोंडावरचा, ज्याच्या थरथरण्यातून आवाज निघतो तो कागद कुरतडला. मालक म्हणाले, "बोलनं आइकू येते ना? मंग झालं." ऑपरेटर रुपरावनेही सोपी युक्ती काढली. बोलण्यापुरता आवाज ठेवायचा आणि नुसतं संगीत आलं की तोही बारीक करायचा, म्हणजे खरखर नको. मी आतल्या आत जळायचो.

अठ्ठ्याहत्तर साली राक्षसपक्ष्याचा सिनेमा लागला. खेळ संपला, सगळे गेले, पण एक बाई उठेनात. कोराडीहून बसने आलेल्या कौसल्याबाई.

"काहून गा भाऊ, माह्या पोराचं व्हायोलिन कुठं गेलं?" त्यांनी खाली आलेल्या रुपरावला विचारलं.

त्यांचा कृष्णकांत मुंबईला सिनेमासाठी वाजवायचा. शिकला तिकडेच, त्यामुळे आईने त्याचं वाजवणं कधी ऐकलंच नव्हतं. पक्षी राजकन्येला घेऊन उडतो तिथे मी एकटाच वाजवतो, असं त्याने कळवलं होतं.

"पक्षी उडते तिथं कोनी बोलतच नाही, बाई," रुपराव म्हणाला. "मंग मी आवाज बारीक करतो." पण तो ओशाळला होता. "बसा. तेवढं रीळ पुन्हा लावतो."

त्याने आवाज पूर्ण सोडला. मित्रांनो, किती जीव तोडला मी! पण फाटक्या कागदातून सूर निघेना, नुसती खरखर.

"असंच वाजवते होय माहा पोरगा?" कौसल्याबाईंनी हळूच विचारलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चांगलं वाजवते गा."

बाई, हा तुमचा मुलगा नव्हे, हा मी आहे, असं मला ओरडायचं होतं. पण मला स्वतःचा आवाज कुठे? रुपराव सांगू शकला असता. तो मान खाली घालून रीळ गुंडाळत राहिला.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, तुमच्या घरी रेडिओ असेल, शाळेत माईक असेल, तर 'चालतंय ना' म्हणून सोडून देऊ नका. बिघडला की लगेच दुरुस्त करा. कौसल्याबाई ती खरखरच मुलाचं वाजवणं म्हणून कोराडीला घेऊन गेल्या.