घड्याळजींच्या टेबलावरचा बंपर

मी एक जुना बंपर आहे, एका छोट्या निळ्या मोटारीचा, पुढचा. मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार चार सालची.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एका घड्याळजींचं घर. मोटार घेतल्यापासून आठ वर्षं दर रविवारी त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. मग ते जिन्यावरून पडले. उजवा पाय वाचला, पण ब्रेक दाबण्याइतका जोर त्यात उरला नाही. व्यायामासाठी दर आठवड्याला इस्पितळ गाठावं लागे. तेव्हा त्यांच्या पत्नी, कपडे शिवणाऱ्या काकू, त्रेपन्नाव्या वर्षी मोटार शिकल्या.

परवाना मिळाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला फाटकाच्या खांबावर आपटलं. कडकन आवाज झाला आणि माझ्या अंगावर वीतभर तडा गेला.

नेमका घड्याळजींचा धाकटा भाऊ दारात उभा. "वहिनी, मोटार म्हणजे शिवणयंत्र नव्हे, पाय दाबला की चालली!" तो हसला. "दादा, विकून टाक. रविवारी गिऱ्हाईक आणतो."

काकूंनी किल्ली खुंटीला अडकवली. "आणा. मी परत हात लावायची नाही."

तड्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. त्या आठवड्यात इस्पितळाची फेरीही चुकली.

घड्याळजींनी माझ्याकडे नाही, काकूंकडे पाहिलं. शनिवारी सकाळी त्यांनी मला मोटारीवरून सोडवलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथं घातलं. तापल्या प्लास्टिकचा धूर छातीला वाईट, म्हणून खिडक्या उघडल्या. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. सोल्डरिंगची सळई विजेवर तापवली. आणि भरायला प्लास्टिक हवं म्हणून काकूंची कपडे भिजवायची बादली कापली. न विचारता!

पट्टी वितळली, बसली. थंड झाल्यावर नखानं उचकटताच खपलीसारखी निघून आली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. गिऱ्हाईक उद्यावर आलेलं.

पाणी प्यायला आलेल्या काकू दारातच थबकल्या. "अहो, माझी बादली!"

"अगं, प्लास्टिकला प्लास्टिक चिकटायला नको?"

"आणि कापडाला कापड? सुती झग्याला रेनकोटाचं ठिगळ लावते का मी? जन्मभर घड्याळं उघडलीत, आणि एवढं कळेना!"

त्यांनी चष्मा लावला. माझ्या आतल्या अंगावर कारखान्यानं प्लास्टिकचा प्रकार सांगणारी दोन इंग्रजी अक्षरं उठवली होती, ती त्यांनी बोट ठेवून वाचली. मग घरातला एकेक डबा उलटा करून पाहिला. तीच अक्षरं सापडली ती त्यांच्या बटणांच्या डब्यावर. बावीस वर्षांचा सोबती तो. त्यांनी क्षणभर त्यावरून हात फिरवला, बटणं पातेल्यात ओतली आणि डबा पुढे सरकवला. "कापा."

पण घड्याळजींचे हात आता दमले होते. "सरका," म्हणत काकूंनी सळई घेतली. पाठीमागून प्लास्टिक वितळवून त्यात चहाच्या गाळणीची तारेची जाळी बसवली, वरून डब्याची पट्टी टाक्याटाक्यानं भरत नेली. थंड झाल्यावर घड्याळजींनी ती काचकागदानं घासली. मग दोघांनी मला दोन्ही बाजूंनी ओढलं. मी हललो नाही.

संध्याकाळी मला परत मोटारीवर बसवलं. रविवारी धाकटा भाऊ गिऱ्हाईक घेऊन आला. काकूंनी खुंटीवरची किल्ली काढली.

"वहिनी, कुठं निघालात?"

"काम पक्कं झालंय का, ते रस्त्यावरच कळेल. भाऊजी, फाटकातून जरा बाजूला व्हा."

खांब माझ्यापासून चार बोटांवरून गेला. मोटार विकायची गोष्ट परत कुणी काढली नाही.

घड्याळजी पुढे अकरा वर्षं काठी टेकत हिंडले आणि एका दुपारी झोपेतच गेले. धाकट्या भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी बांधून तो वहिनींच्याच मोटारीतून घरी आला, आणि वाटेत त्यानं गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही. काकू सत्तरीपर्यंत मोटार चालवत होत्या. आता त्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भाचीकडे राहतात. मोटार भंगारात गेली, पण भाचीनं मला तिच्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलंय. फुटका बंपर घेऊन आलेल्या माणसांना ती आधी मला दाखवते.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. पण एखादी फुटलीच, तर तिचे तुकडे गोळा करण्याआधी, ती ज्याच्या हातून फुटली त्याच्याकडे बघा. त्या घरात मी हे पाहिलं. भिंतीवर लटकून मी रोज त्यांचे उपकार आठवतो.