भ्यायाचं न्हाय, रामा

"आता भ्यायाचं न्हाय, रामा. हिला भ्यायाचं न्हाय, हिच्या फोडांना न्हाय, हिच्या तापाला न्हाय. आजपासनं न्हाय."

आईचा हा आवाज रामभाऊंच्या कानात इतक्या वर्षांनीही जसाच्या तसा होता. छप्पन साल नुकतंच सरलं होतं. कळसच्या त्यांच्या सगळ्या वस्तीनं धम्म घेतला आणि गोजरबाईनं घरातले देव आणि मरीआईचा शेंदरी दगड टोपलीत घालून टोपली डोक्यावर घेतली. आठ-नऊ वर्षांच्या रामाचा हात धरून ती नीरेच्या कालव्यापर्यंत चालत गेली. टोपली पाण्यात सोडली. कालव्याचं पाणी गढूळ, संथ. दगड बुडाला आणि टोपली तेवढी गोल गोल फिरत पुढं गेली. तेव्हा ती हे बोलली.

त्याआधी गावात कुठल्याही घरात गोवर-कांजिण्या निघाल्या, की बोलावणं गोजरबाईला यायचं. ओलेत्यानं मरीआईपुढं उभं राहायचं, दहीभात शिवेवर नेऊन ठेवायचा, वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. रामा दारात बसून राहायचा. मरीआई आपल्या आईलाच ठेवून घेईल की काय, अशी त्याला धास्ती वाटायची. कालव्यावरच्या त्या दिवसानंतर ती धास्ती कधी वाटली नाही. निदान रामभाऊ तसं सांगायचे.

पुढं गोजरबाई जात्यावर बसली की एक ओवी हमखास म्हणायची:

नीरेच्या ग पाण्यामंदी, देव्हारा ग सोडीयीला
माज्या रामाचा ग हात, न्हाई बाई सोडीयीला

रामा पहिली ओळ ऐकायचा. छाती फुगवून ऐकायचा. दुसऱ्या ओळीकडं त्याचं कधी लक्ष गेलं नाही.

पाटबंधारे खात्यात रामभाऊ पाटकरी झाले. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, हे बघत काठी घेऊन कालव्याच्या कडेनं हिंडायचे. साप आडवा गेला तर त्याला म्हणायचे, "जा बाबा, तुझी पाळी आधी." रामभाऊला भ्या म्हणजे काय ते ठावं न्हाय, असं गाव म्हणायचं. त्यांनाही ते ऐकायला आवडायचं. त्यात नुसती बढाई नव्हती. आईनं दिलेली दौलत होती ती, आणि त्यांना ती पुढं द्यायची होती. मुलाला, बुद्धघोषला, दिली. मग नातवाला द्यायला घेतली.

नातू विकी. पाच वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, बारामतीला आईबापापाशी राहणारा आणि शाळेला सुट्टी लागली की कळसला पळून येणारा.

गेल्या शिमग्याच्या सुमारास वरकुट्याला रामभाऊंच्या लेकीच्या पोरांना कांजिण्या निघाल्या. तेव्हा बारामतीचे मुलांचे डॉक्टर बुद्धघोषला म्हणाले होते, "आता यावर लस आलीय. पुण्याहून मागवावी लागते. टोचून घ्या, दोन्ही पोरांना." बुद्धघोषनं फोन केला. कळसच्या स्टँडवरच्या दुकानात रामभाऊंना बोलावून आणलं गेलं. फोनवर ते इतकं हसले, की दुकानदारही हसायला लागला.

"कांजिण्यांना सुई? आरं, देवीच्या देवी गेल्या जगातनं, आन ह्या पुरळाला काय भ्यायचं! पोराला भ्यायला शिकवू नगंस, बुद्धा. रोग हाय. यील आन जाईल."

एवढ्यावर ते थांबले असते तरी चाललं असतं. पण मरीआई पाहुणी आलीय म्हणून वरकुट्यात लेकीच्या शेजारणींनी तिच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलाय, कुणी त्या घराकडं फिरकत नाही, हे त्यांच्या कानावर आलं आणि त्यांचं रक्त तापलं. आपल्या लेकीच्या दारात डहाळा! होळीच्या सुट्टीला कळसला आलेल्या विकीला त्यांनी सायकलच्या दांडीवर बसवलं आणि थेट वरकुटं गाठलं. साऱ्या आळीदेखत डहाळा काढून टाकला. लेकीच्या थोरल्याकडं, दाजीकडं, बोट करून विकीला म्हणाले, "जा, खेळ दाजीसंगं. आपल्यात पाहुणी-बिहुणी काय नसती." उंबऱ्यापाशी त्यांचा पाय जरासा अडला होता. का अडला, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

लेकीची पोरं खपल्या खाजवत बरी झाली. विकीच्या अंगावर फोड उठले ते बारामतीला. त्याची धाकटी बहीण तेजश्री तेव्हा आजोळी होती, म्हणून सुटली. चार-पाच दिवस तो हसत होता, फोड मोजत होता, "आबा, माझ्याकडं दाजीपेक्षा जास्त हायेत," असं फोनवर ओरडून सांगत होता. मग ताप छातीत उतरला. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जायला लागल्या. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, असं एखाद्याच पोराला होतं. एखाद्याच.

ते एखादं पोर बारामतीत कऱ्हा नदीच्या काठी ठेवून सगळी परत आली.

त्यानंतर रामभाऊंना कुणी काही बोललं नाही. रश्मी, त्यांची सून, आधी यायची तशीच यायची. "जयभीम, मामा," म्हणायची, चहा द्यायची, चहात साखर कमी टाकायची, कारण त्यांना गोड चालत नाही हे तिच्या लक्षात असायचं. एकदा तरी तिनं कप आपटावा असं त्यांना वाटायचं. ती कप अलगद ठेवायची. ताईबाईंनी, त्यांच्या बायकोनं, ओव्या म्हणायचं सोडून दिलं. विकीचं नाव घरात कुणी घेईना. त्याचा खेळायचा टायर भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तो कुणी हलवीना.

आणि वर्षानं पुन्हा ऊन तापलं आणि पुन्हा गावात कांजिण्या निघाल्या.

त्या रविवारी बुद्धघोष आणि रश्मी कळसला आले, अडीच वर्षांच्या तेजश्रीला घेऊन. समोरच शकुबाईचं घर. मधे एक रस्ता आणि एक चिंच. शकुबाईच्या दाराला लिंबाचा डहाळा लटकत होता. तिची नात संस्कृती तापली होती. शकुबाईनं ओट्यावरूनच हाळी दिली.

"रश्मीबाई, पोरगीला हिकडं सोडू नगा हं! आमच्याकडं पाहुण्या आल्यात. फोडणीसुदिक बंद हाय. आठ दिस झालं, आमचं मालक पानीदार कालवण खाऊन माझ्याकडं म्हशीवानी बघत्यात."

आत माजघरातून तिच्या मालकांचा, गेणबांचा, आवाज आला, "म्हस बरी. ती तरी पेंड खाती."

शकुबाई हसली. ताईबाईही पदराआड हसल्या. दरवर्षी अशा वेळी रामभाऊ ओरडून सांगायचे, "पाहुण्यांस्नी म्हणावं, हिकडं या, खरपूस फोडणीचं जेवान घालतो!" शकुबाई त्याची वाटच बघत होती. रामभाऊ उठून आत गेले. शकुबाईनंही मग तोंड फिरवलं.

जेवणाआधी रामभाऊ परसात हातपाय धुवायला गेले. चुलीच्या भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू आलं. बोलणं दबक्या आवाजात होतं, पण भिंत कुडाची होती.

"डॉक्टरांनी लस मागवून ठेवलीय," रश्मी म्हणत होती. "बर्फात ठेवलीय. उद्यापर्यंत या म्हणालेत."

"दादांना एकदा विचारतो."

"विचारायचं काय त्यात? मागच्या वर्षी विचारलंच होतं की."

तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला.

"रश्मी, आपण गुपचूप टोचून आणली, तर ते त्यांच्या तोंडावर म्हटल्यासारखं होईल. की तुमच्यामुळंच गेला."

"मी म्हटलं कधी?"

"नाही म्हटलंस. तेच तर. ते रोज वाट बघतात, तू कधी म्हणशील त्याची. वाळून काटकी झालेत बघ. त्यांनी आपल्या तोंडानं हो म्हटलं, तर त्यांना…"

"आणि नाही म्हटले तर?" तिचा आवाज चिरका झाला. "त्यांचं मन राखायला मी हिला पण घालवू? एक गेलं, बुद्धा. माझ्याकडं ही एकच राहिलीय. त्यांचं मन मला दिसतं. पण तिचा श्वास मला रात्री उठून ऐकावा लागतो."

रामभाऊंच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, तरी ते तो पायावर ओततच होते.

हो म्हणायचं. एवढंच. एका अक्षराचं काम. ते ताटावर बसले ते ठरवूनच बसले. रश्मीनं भाकरी वाढली. तेजश्री आजीच्या मांडीवर बसून भात चिवडत होती. बुद्धघोषनं दोन-तीनदा घसा खाकरला.

"दादा, ती लस आलीय. तेजूला टोचावी म्हणतो आम्ही. तुम्ही काय म्हणता?"

रामभाऊंनी तोंड उघडलं. आणि आयुष्यभराच्या सवयीनं वाक्य आपल्या पायानं चालत बाहेर आलं.

"तुमचं तुमी बघा. भ्यायचं काय त्यात."

रश्मीचा वाढता हात हवेतच थांबला. आमटीचा एक थेंब पळीवरून जमिनीवर पडला. ताईबाईंनी वर्षभरात पहिल्यांदा नवऱ्याकडं सरळ बघितलं.

"न्हाय ना भ्यायचं?" त्या म्हणाल्या. "मग तुमच्या दंडावरची ही खूण कशाची हाय? आत्याबाईंनी, तुमच्या आयेनं, तुमच्या देवी काढून घेतल्या हुत्या. सुईवाला आला तवा सगळ्या वस्तीत पैला तुमचा दंड पुढं केला हुता. मला सांगायच्या त्या. सारी बाया-माणसं घरात दडली, आन त्या तुमास्नी धरून उभ्या राह्यल्या."

रामभाऊंचा हात आपोआप डाव्या दंडावर गेला. कोपरीच्या बाहीखाली ती नाण्याएवढी, खडबडीत खूण होती. ते तसेच ताटावरून उठले. भाकरी अर्धी राहिली.

बाहेर येऊन ते ओट्यावर बसले. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. आत भांड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. जेवणं उरकल्यावर तेजश्री बाहेर आली. ती आबांच्या जवळून गेली, त्यांच्या गुडघ्यावर तिनं भाताचा हात पुसला, भिंतीला टेकवलेल्या टायरला एक चापट मारली आणि पायरी उतरली. रामभाऊंना वाटलं, चिंचेखाली खेळेल.

ती चिंचेखाली थांबली नाही.

समोर शकुबाईच्या अंगणात, डहाळ्याच्या सावलीत, संस्कृती गोधडीवर बसली होती. तोंडावर फोड, केस विस्कटलेले, आठ दिवस घरात कोंडलेली. माणूस बघून ती हरखली. तिनं कापडाची बाहुली उचलून पुढं धरली. "ये. घे तुला."

तेजश्री दोन्ही हात पुढं करून निघाली.

रामभाऊ कसे उठले, त्यांना कळलं नाही. एक वहाण ओट्यावर राहिली, दुसरी रस्त्यात. सापाला वाट देणारा, भरल्या कालव्याच्या काठानं अंधारात शीळ घालत जाणारा तो माणूस भर उन्हात अनवाणी पळत सुटला. धोतराचा सोगा सुटला. "तेजे! ए तेजे! थांब!" तो आवाज ओरडण्याचा नव्हता, हंबरण्याचा होता.

"आवं रामभाऊ, साप निघाला का काय?" शकुबाई धडपडत उठली.

अंगणाच्या कडेला त्यांनी पोरीला गाठलं. बाहुली अजून संस्कृतीच्याच हातात होती. त्यांनी तेजश्रीचं मनगट धरलं आणि तिला मागं ओढलं, रस्त्यापलीकडं, चिंचेपर्यंत, आणि तिथं ते मटकन खाली बसले.

"आबा," तेजश्री रडायला लागली, "हात दुकतोय."

त्यांनी खाली बघितलं. त्यांची बोटं तिच्या मनगटाभोवती रुतली होती. सोडायची म्हटली तरी सुटेनात.

असंच एक मनगट त्यांना आठवलं. आठ-नऊ वर्षांच्या पोराचं. कालव्याचं गढूळ पाणी, गोल फिरत जाणारी टोपली, आणि वर आईचा तो आवाज, खणखणीत, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा. "भ्यायाचं न्हाय, रामा." आणि खाली तिचा हात. ओला, गार पडलेला, पानासारखा थरथरणारा. त्यानं मनगट इतकं आवळलं होतं, की त्यावर दुसऱ्या दिवशीही वळ होता. रामाही म्हणाला होता, "आये, हात दुखतोय." तिनं सोडला नव्हता. सुईवाल्यापुढंही सोडला नव्हता. आवाज त्यांनी जन्मभर सांभाळला. हात तेवढा विसरून गेले.

बुद्धघोष पळत आला. त्याच्या मागं रश्मी, ओल्या हातांनी. तिनं आधी पोरीकडं बघितलं, मग समोरच्या डहाळ्याकडं, मग सासऱ्याच्या अनवाणी पायांकडं.

"काय झालं, दादा?"

"ऊन… ऊन लागंल म्हनून," रामभाऊ म्हणाले.

रश्मी त्यांच्यासमोर मातीत बसली. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हळूच, चहाचा कप ठेवायची तशी. पोरीचं मनगट मोकळं केलं, पण त्यांचा हात मात्र तिनं आपल्या हातातून खाली ठेवला नाही. ती वाट बघत राहिली.

वर चिंचेत वारा आला आणि गेला.

"रश्मे," रामभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला, की बुद्धघोषला वाकावं लागलं. "विकीला घिऊन वरकुट्याच्या उंबऱ्यात हुभा राह्यलो, तवाबी वाटलं हुतं मला. बोललो न्हाय. तेजीला उद्या न्हाय, आत्ताच न्या. मला भ्या वाटतंय, पोरी. लई भ्या वाटतंय."