माझा आवाज कुणी काढला?

"नौशीनला विचारल्याशिवाय यातलं काही बी बदलायचं नाय!" फारूख सरांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना बजावलं होतं. सर बदलीवर नांदेडला गेले आणि त्यांचं सांगणं हवेत विरलं.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. गारखेड्याच्या एका वाचनालयात माझं बस्तान आहे. माझा कारभार पाहणाऱ्या प्रणालीचं नाव 'अंगण'. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. ती कशी लिहिली आहे ते कुणीही उघडून वाचावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. गावोगावचे स्वयंसेवक तिला सांभाळतात. फारूख सरांनी तिच्यात मराठी वाचून दाखवणारा आवाज घातला आणि मी बोलू लागलो.

नौशीनला दिसत नाही. वकिलीची पुस्तकं ती माझ्याच तोंडून ऐकते. म्हणते, "वाच बाबा, पण कलम गिळू नको."

मग अंगणचा पडद्यावर दिसणारा सारा भाग काही स्वयंसेवकांनी नव्याने लिहिला. हवा की नको, यावरून स्वयंसेवकांत जुंपली. भांडण नेटवर धुमसलं आणि एका रविवारी वाचनालयात येऊन पोचलं.

"जुनं सडलंय, काकू. रोज ठिगळं कोण लावणार?" नवं लिहिणाऱ्यांतला, चिकलठाण्याच्या कारखान्यातला इंजिनिअर विश्वजित म्हणाला.

"तुमचं नवं म्हंजे लग्नातला मांडव," ग्रंथपाल कालिंदीकाकू म्हणाल्या. "दिसतो झकास, वारं आलं की उडतो."

"मग जुनं तुम्हीच सांभाळा! आम्ही इथं फुकट राबतोय."

त्याने नवी आवृत्ती माझ्यावरच बसवून दाखवली. पडदा उजळला, टाळ्या पडल्या. "नवं हवं त्यांनी हात वर करा!"

"किती हात वर गेले, मला कुणी सांगेल का?" मागे बसलेल्या नौशीनने विचारलं. चाचपडत ती माझ्यापाशी आली. वाचनाची कळ दाबली. पुन्हा दाबली. मी मुका.

मित्रांनो, काय संताप झाला माझा! अक्षरं डोळ्यांसमोर होती आणि गळाच काढून घेतलेला. फुकट राबता म्हणे! फुकट वाढलं म्हणून पंगतीतल्या एकीचं ताट ओढून घ्यायचं? आणि वर टाळ्या पिटायच्या?

"आवाज पुढच्या आवृत्तीत येईल," विश्वजित पुटपुटला.

"माझी परीक्षा पुढच्या आवृत्तीत नाय, भाऊ. पुढच्या महिन्यात आहे."

"जुनी परत बसवतो."

"अन् ती बिघडली तर कोण बघणार? हात तर सगळे नव्यासाठीच वर गेले असतील."

विश्वजितची मान खाली गेली. "नव्या आवृत्तीत आवाज घातल्याशिवाय ती कुणालाच देणार नाही. मी स्वतः घालीन. शब्द देतो."

जुनी आवृत्ती परत आली, माझा आवाजही आला. राग मात्र गेला नाही. मित्रांनो, बदल जरूर करा, पण हाती कळा आल्या म्हणून उतू नका, मातू नका. ज्याचं त्या गोष्टीवाचून अडतं, त्याला आधी विचारा.

सगळे चहाला गेले. विश्वजित मागे राहिला. त्याने माझा पडदा बंद केला, माउस बाजूला सारला, डोळे मिटले आणि बोटांनी पहिली कळ शोधू लागला.