राखणीची पाळी

शेजारणीच्या दाराला टेकवलेली काठी म्हातारीने उचलली आणि चार पावलं चालून आपल्या दाराला लावली. शेजारीण पाणी भरून परतत होती. भरली घागर कमरेवर तशीच ठेवून तिने विचारलं,

"मावशी, पाळी माझी आहे ना?"

"तुझ्या आधी माझं घर लागतं. वर्षभर काठी माझ्या दारावरून उडी मारून जाते. आज म्हटलं, आपणच आणावी."

शेजारणीने घागर दारात उतरवली. गावाचा नियम साधा होता. ज्या दाराला काठी, त्या घरच्या दोघांनी दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं रान राखायचं आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर, बायकांच्या बैठकीत सांगायचं: कोण आलं, किती झाडं पाडली. पाडणाऱ्याच्या घराला झाडामागे एक वर्ष रानबंदी. सरपण नाही, चारा नाही. म्हातारीचा मुलगा लाकडाच्या ठेकेदाराकडे करवत चालवायला लागला, तेव्हापासून काठी त्या दाराशी थांबेनाशी झाली. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कसली, असं बायका म्हणत, आणि म्हातारीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत.

याचा तिला भयंकर राग होता. पलीकडची टेकडी बोडकी झाली त्या वर्षी तिथला झरा आटला, पुढच्या वर्षी माती घसरून दोन घरं गेली. त्यातलं एक तिच्या बहिणीचं. रान कशाला हवं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सकाळी ती सुनेला घेऊन वर गेली. उन्हं चढली तशी पायवाटेने तिघं आले. यंत्राची करवत खांद्यावर घेऊन पुढे तिचाच मुलगा.

"आई, तू इथे काय करतेस? आपल्या घराला पाळी नाही."

"आजपासून आहे."

"घरी चल. मी हात हलवत गेलो तर ठेकेदार उद्या दुसरा माणूस पाठवेल."

"उद्या दुसऱ्याचं नाव सांगेल कोणी. आज मला तुझं सांगावं लागेल."

तो हसला. आई आपलं नाव घेईल, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. म्हातारी एका झाडाला पाठ लावून उभी राहिली, तर त्याने शेजारचं पाडलं. ती तिकडे धावली, तोवर मागचं पडलं. साठी ओलांडलेल्या गुडघ्यांना एका वेळी एकच झाड राखता येतं. तिसऱ्यापाशी सून जाऊन उभी राहिली, तेव्हा मात्र त्याने करवत बंद केली आणि साथीदारांना घेऊन उतरणीला लागला.

संध्याकाळी ओट्यावर, बैठक चालवणाऱ्या थोरल्या बाईंनी विचारलं,

"आज कोण आलं होतं?"

करवतीचा आवाज गावभर ऐकू आला होता. तरी कुणी मान वर करेना. शेवटी शेजारीणच म्हणाली,

"वर धुकं असेल, मावशी. तोंडं दिसली नसतील तुम्हाला."

वर्षभर टोमणे मारणारी बाई आता पळवाट काढून देत होती, आणि अगदी मनापासून देत होती. म्हातारीला पुन्हा राग आला.

"धुकं कसलं? लख्ख ऊन होतं."

तिने मुलाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं.

"एक झाड पाडलं त्याने."

"एक वर्ष," थोरल्या बाई हळूच म्हणाल्या.

"दोन," सून म्हणाली.

म्हातारीने वळून पाहिलं. घरात सरपणाची मोळी रोज सूनच आणत असे.

"दोन झाडं पडली, आई. तुमची मोजण्यात चूक झाली."

"मोजण्यात चूक नाही झाली," म्हातारी म्हणाली. ती थोरल्या बाईंकडे वळली. "दोन वर्षं धरा."